परदेशातून गाडीचे पार्ट मागवताना कस्टम्स ड्यूटी नक्की कशावर लागते? पार्सल अडकलंय, मदत हवी

दुहेरी_कार्ब (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दोन सिलिंडरची जुनी मोटरसायकल दीड वर्षापासून खोलून ठेवलीय. इंजिन बांधून झालं, टाकीचा रंग झाला, आता पाच वस्तूंवर गाडी अडलीय आणि त्या पाचही बाहेरच्या देशातच मिळतायत. पुढचा ब्रेक कॅलिपर, कार्ब्युरेटरचं रिपेअर किट, पूर्ण वायरिंग हार्नेस, चेन आणि स्पीडोमीटर. एकाच विक्रेत्याकडे सगळं मिळालं म्हणून एकाच बॉक्समध्ये मागवलं. काल कुरिअर कंपनीचा मेल आला की माल कस्टम्समध्ये आहे, इतके पैसे भरा म्हणजे सोडतो. रक्कम बघून मेल तीनदा वाचला. ड्यूटी, टॅक्स आणि त्यांचा चार्ज मिळून पार्टच्या किमतीच्या जवळपास निम्मे पैसे होतायत. वर असंही लिहिलंय की "मूल्याचा पुरावा द्या", म्हणजे इनव्हॉइसवरची किंमत त्यांना पटलेली नाही का? इनव्हॉइसची कॉपी मेलला जोडलीय, त्यात एकच ओळ आहे, "मोटरसायकल पार्ट्स, १ बॉक्स" आणि पुढे एकूण रक्कम. बस.

मला टॅक्स चुकवायचा नाहीये, जो काय रास्त असेल तो भरणारच, पण हा आकडा आला कुठून तेच कळत नाहीये. भरायला सात दिवस दिलेत. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा, भरून मोकळा होऊ की काही विचारता येतं?

पाना_बारा

विचारता येतं आणि विचाराच. पण आधी आजच्या आज कुरिअरला लेखी कळवा की "हिशोबाचा तपशील हवा आहे, माल परत पाठवू नका". गप्प बसलात तर सात दिवसांनी एक तर स्टोरेज चालू होतं नाहीतर बॉक्स उलटा निघतो, आणि एकदा उलटा निघाला की जाण्यायेण्याचं भाडं तुमच्याच डोक्यावर.

आता आकड्याचं. बहुतेकांचा इथेच गोंधळ होतो, माझाही झाला होता. आपण समजतो ड्यूटी पार्टच्या किमतीवर लागते. बऱ्याच देशांत ती सीआयएफ किमतीवर लागते, म्हणजे माल अधिक विमा अधिक भाडं. समजा पार्ट १०० चे आहेत, भाडं ३०, विमा २. झाले १३२. ड्यूटी १० टक्के धरली तर १३.२०, बेरीज १४५.२०. आता व्हॅट किंवा जीएसटी जे काय असेल ते या १४५.२० वर, मूळ १०० वर नाही. २० टक्के धरले तर २९.०४. म्हणजे १० आणि २० मिळून ३० जातील असं मनात धरलेलं असतं आणि प्रत्यक्षात जातात ४२.२४. वर कुरिअरचा चार्ज वेगळा. तुमचं "जवळपास निम्मे" बहुधा असंच झालंय. (टक्के मी समजण्यापुरते घेतलेत, तुमचे दर तुमच्या देशाच्या टॅरिफमध्ये बघा.)

सगळीकडे सीआयएफ नसतं. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया हे देश ड्यूटी काढताना आंतरराष्ट्रीय भाडं धरत नाहीत, तिथे एफओबीच्या हिशोबाने चालतं. पण ऑस्ट्रेलियात जीएसटी काढताना भाडं आणि विमा परत आत येतो, त्यामुळे तिथलेही लोक बिल बघून चक्रावतात.

स्पॅनर_ताई

+१. त्यात भर म्हणजे एक्स्चेंज रेट. कस्टम्स स्वतःचा जाहीर केलेला रेट वापरतं, तुमच्या कार्डवर त्या दिवशी जो लागला तो नाही. फरक थोडाच पडतो पण आकडे जुळत नाहीत म्हणून लोक तास तास कॅल्क्युलेटर घेऊन बसतात, म्हणून सांगितलं.

आणि जड पार्ट एक्सप्रेसने मागवताना विचार करा. सीआयएफवाल्या देशात महागडं भाडं म्हणजे भाडंही जास्त, त्यावर ड्यूटीही जास्त आणि त्यावर टॅक्सही जास्त. ब्रेक डिस्कची घाई नव्हती तरी मी एक्सप्रेसने मागवली होती, तीन आठवडे थांबले असते तर बराच फरक पडला असता.

कागद_तयार

मी गेली बरीच वर्षं क्लिअरिंगच्या कामात आहे, थोडं लांबलचक लिहितो पण धागाकर्त्याचा खरा प्रॉब्लेम इथेच आहे असं मला वाटतं. तुमचं दुखणं आहे त्या इनव्हॉइसची एकच ओळ.

कस्टम्सला "पार्ट" नावाची वस्तू कळत नाही, त्यांना कोड कळतो. एचएस कोड. वर्ल्ड कस्टम्स ऑर्गनायझेशनची ही पद्धत १९८८ पासून चालू आहे, पहिले सहा आकडे जवळपास सगळ्या जगात सारखे, पुढचे आकडे प्रत्येक देश आपापले लावतो आणि दरही आपापला ठरवतो. कारच्या पार्टचं हेडिंग (म्हणजे कोडचे पहिले चार आकडे) ८७०८, मोटरसायकल आणि सायकलच्या पार्टचं ८७१४. आता तुमच्या इनव्हॉइसवर फक्त "मोटरसायकल पार्ट्स" लिहिलंय म्हटल्यावर क्लिअर करणाऱ्या माणसाने अख्खा बॉक्स ८७१४ मध्ये टाकला, त्याच्या जागी कोणीही हेच केलं असतं कारण त्याच्यासमोर दुसरी माहितीच नाही.

पण त्या कोडच्या पुस्तकात वाहनांचा जो विभाग आहे, विभाग १७, त्याच्या सुरुवातीला एक टीप आहे, टीप क्रमांक २. ती सांगते की गाडीसाठीच बनवलेल्या असल्या तरी काही वस्तू गाडीचे "पार्ट" धरायच्या नाहीत, त्या आपापल्या घरी जातात. गाडीचे पार्ट मागवणाऱ्या प्रत्येकाने ही टीप एकदा बसून वाचावी असं मी सगळ्यांना सांगत असतो. काही वस्तू या टीपेमुळे बाहेर जातात, काही त्यांचं नेमकं हेडिंग दुसरीकडे आहे म्हणून. उदाहरणं देतो:

चेन ७३१५ मध्ये जाते. नट, बोल्ट, स्क्रू ७३१८. बेअरिंग ८४८२. ऑइल फिल्टर, एअर फिल्टर ८४२१. स्पार्क प्लग, स्टार्टर, डायनामो ८५११. हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न ८५१२. वायरिंग हार्नेस ८५४४. स्पीडोमीटर ९०२९. गाडीचा आरसा ७००९. कारची सीट ९४०१. टायर ४०११. लॉक ८३०१. इंजिनच्या आतले पिस्टन, रिंगा, कार्ब्युरेटर हे ८४०९ मध्ये. आणि गॅस्केटचा सेट, वेगवेगळ्या मटेरियलची गॅस्केटं एका पाकिटात घातलेली असतील तर ८४८४ मध्ये.

म्हणजे तुमच्या पाच वस्तूंपैकी ८७१४ ची खरी मानकरी एकच, कॅलिपर. बाकी चार चुकीच्या ठिकाणी बसल्यात. आता प्रत्येक ठिकाणचा दर कमीच निघेल असं मी म्हणत नाही, एखाद्याचा जास्तही निघू शकतो, आणि निघाला तर तोही भरायचा. पण चुकीच्या कोडवर भरू नका, पुढच्या वेळी तोच कोड तुमच्या नावावर रेकॉर्डला दिसतो आणि मग तो चुकीचा होता हे पटवायला दुप्पट कागद लागतात.

काय करा: विक्रेत्याला सांगून नवीन इनव्हॉइस घ्या, पाच ओळी, प्रत्येक ओळीत वस्तूचं नाव, कशाची बनलीय, कशासाठी आहे, पार्ट नंबर, नवीन की वापरलेली, कुठल्या देशात बनली, नग आणि किंमत. भाड्याची ओळ वेगळी. सोबत पैसे भरल्याचा पुरावा, म्हणजे कार्डचं किंवा बँकेचं स्टेटमेंट, आणि ऑर्डर कन्फर्मेशनचा मेल. हे सगळं एकाच मेलमध्ये कुरिअरच्या क्लिअरन्स विभागाला पाठवा आणि "पुन्हा आकारणी करा" असं स्पष्ट लिहा.

दुहेरी_कार्ब

कागद_तयार, मनापासून आभार, हे मला कुठेच सापडलं नव्हतं. विक्रेत्याला रात्रीच मेल टाकलाय. एक शंका, कार्बच्या किटमध्ये जेट, निडल, फ्लोट, ओ रिंगा आणि गॅस्केट सगळं एकाच सीलबंद पाकिटात आहे, त्याचा कोड कसा ठरणार?

कागद_तयार

एकत्र विकायला ठेवलेला सेट असेल तर त्याचा मुख्य स्वभाव कशामुळे आहे ते बघतात. तुमच्या किटमध्ये जेट, निडल आणि फ्लोट हे मुख्य, म्हणून कार्बच्या पार्टचा कोड, ८४०९. नुसती गॅस्केटंच असती तर ८४८४. पाकिटाचा पुढून मागून फोटो काढायला सांगा विक्रेत्याला, आत काय काय आहे ती छापील यादी दिसली पाहिजे. वस्तू हातात न घेता फोटोवरच निर्णय होतो बऱ्याचदा.

नवशिक्या_रायडर

मला विक्रेत्याने स्वतःहून विचारलं होतं की "गिफ्ट" लिहू का, किंवा किंमत कमी दाखवू का. अजून ऑर्डर दिली नाहीये. बरेच जण असं करतात म्हणे. करावं का?

पाना_बारा

नको. अजिबात नको. विकत घेतलेली वस्तू गिफ्ट होत नाही आणि सही तुमच्या नावाने जाते. दुसरं म्हणजे त्या विक्रेत्याची वेबसाइट कस्टम्सवाल्यांनाही उघडता येते, पार्ट नंबर टाकला की खरी किंमत समोर. तिसरं मी स्वतः भोगलंय. मी त्याला कमी दाखव म्हणालो नव्हतो, पण त्याने परस्पर किंमत खूप कमी लिहिली आणि मी नंतर कळल्यावर गप्प राहिलो. वाटेत बॉक्स आपटून क्रँककेसचं कव्हर तडकलं. विम्याचा क्लेम केला तर कागदावर जी किंमत तेवढेच मिळणार, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. ते तडकलेलं कव्हर अजून माझ्या शेल्फवर आहे, वेल्डिंग करून बघितलं पण माउंटिंगचं भोक सरकलं.

स्पॅनर_ताई

आणि ऑर्डर तोडून चार छोट्या पार्सलमध्ये मागवायची आयडिया पण डोक्यातून काढा. एकाच विक्रेत्याकडून एकाच नावावर लागोपाठ आलेली पार्सलं एकत्र धरतात बऱ्याच ठिकाणी. तसंही ठरावीक किमतीखालच्या पार्सलला ड्यूटी किंवा टॅक्स माफ असतो ना, ती माफीची मर्यादा आता बऱ्याच ठिकाणी आक्रसत चाललीय. युरोपियन युनियनने २२ युरोपर्यंतच्या मालाची व्हॅटमाफी १ जुलै २०२१ पासून काढून टाकली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची ड्यूटीमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच देशांतून येणाऱ्या मालासाठी थांबवली. तीन वर्षांपूर्वीचा कोणाचा अनुभव वाचून ऑर्डर देऊ नका.

लांबचा_पल्ला

बरोबर, दर तर त्याहून पटकन बदलतात. अमेरिकेत ३ मे २०२५ पासून गाड्यांच्या बऱ्याच पार्टवर २५ टक्के जादा शुल्क लागू झालं तेव्हा माझ्या एका मित्राचा माल वाटेतच होता. ऑर्डर दिली त्या दिवशीचा दर त्याने गृहीत धरला होता. ऑर्डरची तारीख कोणी विचारत नाही, माल देशात दाखल होऊन कागद जमा होतात तेव्हाचा दर लागतो साधारणपणे. त्यामुळे दोनदोन महिने वाट बघायला लावणाऱ्या विक्रेत्याकडून मागवताना थोडे पैसे हाताशी जास्त ठेवा.

मला स्वतःला बसलेला फटका वेगळा आहे, अलॉय व्हील. ड्यूटी बघितली, टॅक्स बघितला, सगळा हिशोब केला आणि अँटी डंपिंग ड्यूटी नावाचा प्रकारच माहीत नव्हता. एखाद्या देशातला माल फार स्वस्तात येऊन इथल्या कारखान्यांना मारतोय असं ठरलं की त्या देशाच्या त्या वस्तूवर वेगळी ड्यूटी बसते, नेहमीच्या ड्यूटीच्या वर. युरोपियन युनियनने चीनच्या ॲल्युमिनियम व्हीलवर २०१० साली २२.३ टक्के अशी ड्यूटी लावली होती. ती वस्तू कुठे बनली त्यावर लागते, कुठून आली त्यावर नाही. मी मागवलं तिसऱ्याच देशातून, व्हीलच्या आतल्या बाजूला ओतीव अक्षरात बनवल्याचा देश होता, तो बघून लावली. तक्रार करायला जागाच नव्हती कारण ते बरोबरच होतं.

घासलेला_क्लच

हे "कुठे बनलं" प्रकरण उलट्या बाजूनेही लागू होतं. दोन देशांत मुक्त व्यापार करार असेल तर ड्यूटी कमी किंवा शून्य होऊ शकते, पण वस्तू त्या करारातल्या देशात बनलेली पाहिजे आणि तसा कागद पाहिजे, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन किंवा करारात दिलेलं विक्रेत्याचं निवेदन. नुसतं तिथल्या गोडाउनमधून निघालं म्हणून सवलत मिळत नाही. मी विक्रेत्याला ऑर्डरच्या आधीच विचारतो की ओरिजिनचा कागद देणार का. नाही म्हणाला तर पूर्ण ड्यूटी धरूनच किंमत तोलतो.

नवशिक्या_रायडर

माझ्या विक्रेत्याकडे दोन ऑप्शन दिसतायत, डीडीपी आणि डीएपी. कुठला घ्यायचा?

पाना_बारा

डीडीपी म्हणजे ड्यूटी आणि टॅक्स विक्रेता भरतो, तुमच्या दारात येईपर्यंत सगळं त्याच्याकडे. डीएपी म्हणजे माल तुमच्यापर्यंत तो आणतो पण ड्यूटी टॅक्स तुम्ही भरायचा. पहिल्यांदा मागवताय तर डीडीपी घ्या, रक्कम आधी कळते. फक्त तो आधी किती घेतोय ते बघा, काही जण सरसकट जास्त कापतात आणि परत करत नाहीत. मी पार्ट थोडे आणि हलके असले तर डीडीपी घेतो, मोठी ऑर्डर असेल तर डीएपी, कारण तेव्हा कोड आणि कागद माझ्या हातात हवे असतात.

जुन्या लोकांच्या तोंडी डीडीयू ऐकाल, तो शब्द इन्कोटर्म्समधून (माल पोचवायच्या अटींचे हे आंतरराष्ट्रीय नियम) २०१० च्या आवृत्तीत गेला, आता त्याच्या जागी डीएपी.

जुना_गिअरबॉक्स

वापरलेले पार्ट मागवणाऱ्यांसाठी लिहितो कारण नवीन पार्टवरच चर्चा चाललीय.

मी एक पूर्ण गिअरबॉक्स मागवला होता, भंगारात निघालेल्या गाडीतला. जाहिरातीत लिहिलं होतं "चालू अवस्थेत नाही, दुरुस्तीसाठी", म्हणून किंमत अगदी कमी. कस्टम्सने तशाच नवीन गिअरबॉक्सची किंमत काढून विचारलं की हा इतका स्वस्त कसा. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कागदावर फक्त "गिअरबॉक्स" होतं. मी विक्रेत्याकडून फोटो मागवले. ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर राखाडी चिखलासारखा लोखंडाचा चुरा जमलेला, तिसऱ्या गिअरचे दोन दात कोपऱ्यातून तुटलेले, शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, आमच्यातले मेल आणि बँकेचा ट्रान्सफर जोडला. मान्य झालं, मी भरलेल्या किमतीवरच ड्यूटी लागली. जागतिक व्यापार संघटनेच्या मूल्यांकन करारात पहिली पद्धत हीच आहे, खरेदीदाराने प्रत्यक्ष दिलेली किंमत. शंका आली तर ते पुरावा मागू शकतात, आणि पुरावा पटला नाही तरच पुढच्या पद्धतींवर जातात, आधी तंतोतंत तशीच वस्तू, मग त्यासारखी वस्तू, असं करत एकूण सहा पद्धती आहेत. त्यामुळे धागाकर्त्यांनो, "मूल्याचा पुरावा द्या" वाचून घाबरू नका, तो आरोप नाही, पुरावा द्यायची संधी आहे.

दुसरं, वापरलेल्या पार्टमधलं तेल, कूलंट, पेट्रोल पूर्ण काढून पाठवायला सांगा. माझ्या गिअरबॉक्समध्ये उरलेलं तेल झिरपून बॉक्सचा तळ ओला झाला आणि कुरिअरने तो गळका माल म्हणून बाजूला काढला, चार दिवस त्यातच गेले. चिखल माती तर बिलकुल नको, ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडसारखे देश मातीच्या बाबतीत फार कडक आहेत. आणि काही देशांत वापरलेले पार्ट किंवा जुने टायर आणायला परवानगीच लागते, पैसे भरण्याआधी ते बघा.

स्पॅनर_ताई

याला जोडून, काही पार्ट ड्यूटीच्या प्रश्नाआधीच अडतात. एअरबॅग आणि सीटबेल्टचे प्रीटेन्शनर, यात स्फोटक चार्ज असतो, विमानाने पाठवताना धोकादायक माल म्हणून जाहीर करावे लागतात, धोकादायक मालाच्या यादीतला क्रमांक यूएन ३२६८ किंवा यूएन ०५०३. डिकीचे गॅस स्ट्रट पण दाबाखालच्या वस्तूंत येतात, यूएन ३१६४. लिथियम बॅटरी तर सगळ्यांना माहीतच आहे. विक्रेत्याने न सांगता कोंबलं तर पार्सल परत जातं किंवा नष्ट होतं.

आणि जुन्या गाड्यावाल्यांनो, ॲस्बेस्टॉस. जुन्या स्टॉकमधले ब्रेक शू, क्लच प्लेट, एक्झॉस्टचं गॅस्केट, यात असू शकतं. ऑस्ट्रेलियात ३१ डिसेंबर २००३ पासून पूर्ण बंदी आहे, तिथे जुन्या गाड्या आणि पार्ट तपासायला अडवतात आणि तपासणीचा खर्च मालकावर. आपल्या इथे बंदी असो नसो, "जुना न वापरलेला ओरिजिनल स्टॉक" असं लिहिलेले ब्रेक शू मी तरी घेत नाही. घासताना जो पांढुरका भुसा उडतो तो आपल्याच नाकातोंडात जातो. नवीन बनावटीचे घ्या.

लांबचा_पल्ला

वॉरंटीत फुकट आलेल्या पार्टवर पण ड्यूटी लागते का? इनव्हॉइसवर शून्य लिहून येणार आहे म्हणे.

कागद_तयार

शून्य लिहू देऊ नका. कस्टम्समध्ये शून्य किमतीची वस्तू नसते. विकलीच नाही म्हणजे पहिली पद्धत लागत नाही, मग तशाच वस्तूच्या किमतीवर जातात आणि ते तुमच्या हातात राहत नाही. इनव्हॉइसवर खरी किंमत लिहून "वॉरंटी बदली, विनामूल्य, किंमत फक्त कस्टम्ससाठी" असं लिहायला सांगा आणि मूळ खरेदीचा नंबर द्या. काही देशांत वॉरंटीच्या बदलीला सवलत आहे पण खराब पार्ट परत पाठवल्याचा किंवा नष्ट केल्याचा पुरावा मागतात, तो कस्टम्सला आधी दाखवून पाठवा. मागाहून सांगितलं तर कोणी ऐकत नाही.

तसंच ईसीयू (इंजिनचा कंट्रोल बॉक्स) किंवा इंजेक्शन पंप दुरुस्तीला बाहेर पाठवणारे असतील त्यांनी पाठवतानाच निर्यातीचा कागद करा, त्यावर सीरियल नंबर आणि फोटो. परत येताना तोच नंबर जुळला तर बऱ्याच देशांत फक्त दुरुस्तीच्या खर्चावर आणि भाड्यावर आकारणी होते. नाहीतर स्वतःचीच वस्तू नव्याने विकत घेतल्यासारखी पूर्ण ड्यूटी. एटीए कार्नेवर (वस्तू तात्पुरती बाहेर नेऊन परत आणायचा कस्टम्सचा कागद) जमेल का असं मला बरेच जण विचारतात, नाही जमत, तो दुरुस्तीसाठी नसतो.

घासलेला_क्लच

रिकंडिशन केलेला स्टार्टर घेणाऱ्यांनी डिपॉझिटकडे लक्ष द्या. जुना स्टार्टर परत पाठवला की परत मिळणारी रक्कम इनव्हॉइसच्या बेरजेतच धरलेली होती माझ्या केसमध्ये. ड्यूटी पूर्ण बेरजेवर लागली. जुना परत पाठवल्यावर विक्रेत्याने डिपॉझिट दिलं, त्यावर भरलेली ड्यूटी मात्र गेली ती गेलीच. शिवाय तो जड लोखंडी जुना स्टार्टर परत पाठवायचं भाडं. आता मी विचारतो की डिपॉझिट वेगळ्या ओळीत दाखवता का, किंवा डिपॉझिटशिवायचा पार्ट आहे का.

नवशिक्या_रायडर

चाळीस वर्षं जुन्या गाडीचे पार्ट म्हणजे अँटिक म्हणून सूट मिळते असं ऐकलंय, खरं का?

कागद_तयार

अँटिकचं हेडिंग ९७०६, त्याला १०० वर्षांपेक्षा जास्त जुनं लागतं. संग्राह्य वस्तूंचं ९७०५, त्यात संपूर्ण जुनी गाडी बसू शकते, युरोपात ३० वर्षांहून जुनी, मूळ अवस्थेतली, उत्पादन बंद झालेली, अशा अटींवर. पण त्या गाडीसाठी आज बनवलेला कॅलिपर हा साधा नवीन कॅलिपरच. गाडीचं वय पार्टला लागत नाही.

एक महत्त्वाचं राहिलं. जे लोक तीच वस्तू पुन्हा पुन्हा मागवणार आहेत, क्लबसाठी वगैरे, त्यांनी ॲडव्हान्स रूलिंग घ्या. वस्तूचा तपशील देऊन आधीच कोड लिहून मागायचा, तो कस्टम्सवर बंधनकारक राहतो. युरोपात असा निर्णय तीन वर्षं चालतो. व्यापार सुलभीकरणाचा जो जागतिक करार २२ फेब्रुवारी २०१७ ला लागू झाला त्यात सदस्य देशांनी ही सोय द्यायची असं आहे. वेळ लागतो पण दर वेळचा वाद संपतो.

दुहेरी_कार्ब

मंडळी, अपडेट. पार्सल आज घरी आलं.

विक्रेत्याने दुसऱ्याच दिवशी पाच ओळींचं इनव्हॉइस पाठवलं, किटच्या पाकिटाचे फोटोही. मी बँकेचं स्टेटमेंट आणि ऑर्डरचा मेल जोडून कुरिअरला दिलं. पहिल्यांदा साचेबद्ध उत्तर आलं की रक्कम भरा. मग मी फोन करून क्लिअरन्स विभागातल्या माणसाशीच बोललो, त्याला टीप क्रमांक २ चा उल्लेख केल्यावर तो म्हणाला थांबा, बघतो. तिसऱ्या दिवशी सुधारित हिशोब आला. कॅलिपर ८७१४, किट ८४०९, हार्नेस ८५४४, चेन ७३१५, स्पीडोमीटर ९०२९. दोन वस्तूंचा दर कमी निघाला, एकीचा थोडा जास्त, बाकी तसाच. एकूण रक्कम खाली आली. दुरुस्तीचा वेगळा चार्ज कुरिअरने लावला, तरीही फायद्यातच. आणि पहिल्यांदाच मला प्रत्येक आकडा कुठून आला ते कळलं, याचं समाधान पैशांपेक्षा जास्त आहे. किंमत मान्य झाली, भाडं मात्र पूर्ण धरलं कारण आमच्याकडे सीआयएफ आहे, ते पाना_बारा यांनी सांगितलंच होतं.

संध्याकाळी हार्नेस टाकीखालून ओढून घेतला. हेडलाइटच्या भांड्यातले सगळे कनेक्टर रंगाला रंग जुळले. स्पीडोमीटरची केबल हाताने फिरवली तर काटा हलला, खूप वेळ नुसता बघत बसलो.

स्पॅनर_ताई

वाचून फार बरं वाटलं. फोन करून विभागातल्या माणसाला गाठलंत हे सगळ्यात चांगलं केलंत. आता भरल्याची पावती आणि कोडवाला तो कागद जपून ठेवा, पुढच्या ऑर्डरला जोडता येतो.

दुहेरी_कार्ब

ठेवलाय, फाइलच केलीय. आता हेडलाइट मागवतोय, आणि या वेळी पैसे भरायच्या आधी विक्रेत्याला हे पाठवलं, कोणाला लागलं तर घ्या, आपल्या वस्तूप्रमाणे बदला:

"कृपया इनव्हॉइसवर प्रत्येक वस्तूची वेगळी ओळ द्या. उदाहरणार्थ: मोटरसायकलचा विद्युत हेडलाइट, काचेची लेन्स, स्टीलचं भांडं, पार्ट नंबर अमुक, नवीन, बनवल्याचा देश अमुक, नग १, किंमत मी भरलेलीच. एचएस ८५१२.२०. भाडं आणि विमा वेगळ्या ओळीत. गिफ्ट लिहू नका, किंमत कमी लिहू नका. इनव्हॉइसची एक प्रत बॉक्सच्या बाहेर पाकिटात आणि एक आत ठेवा. पाठवण्याआधी मला प्रत मेल करा."

त्याने अर्ध्या तासात प्रत पाठवली. बनवल्याच्या देशाची जागा रिकामी होती, ती भरून पुन्हा मागवलीय.